तेर्मे, झ्द्राविलिश्चे, साउना की कोपालिश्चे? स्लोव्हेनियात आंघोळीची निवड

स्लोव्हेनियातल्या मुक्कामाची इंग्रजी माहितीपत्रके चाळली तर ‘बाथ’ आणि ‘स्पा’ हे दोनच शब्द जागोजागी भेटतात. ब्लेडच्या तळ्यातली डुबकी, मोराव्स्के तोप्लित्सेचे काळे गरम पाणी, पोर्तोरोझचा चिखल आणि हॉटेलातला टब, सगळे त्याच दोन शब्दांत बसवलेले असते. म्हणून पैसे भरण्याआधी स्लोव्हेनियन शब्द पाहावा. पाणी किती गरम, अंगावर काय घालायचे आणि डॉक्टरांची गाठ घ्यावी लागेल का, हे त्यावरून बरेचसे कळते.

आधी हॉटेलची खोली. काद म्हणजे टब, पर्हा किंवा तूश म्हणजे शॉवर. खोलीच्या न्हाणीघराला कोपालनित्सा म्हणतात. त्यात काद आहे की पर्हा हे विचारून घ्यावे. आई-वडील बरोबर असतील तर पर्हाच मागा. टबाची कड गुडघ्याच्या आसपास येते आणि ओल्या पायाने ती ओलांडताना तोल जातो. बादली-तांब्या मिळेल ही आशा ठेवू नका. टबाबाहेरच्या फरशीला बऱ्याचदा पाणी जायला जाळीच नसते, त्यामुळे बाहेर उभे राहून अंगावर पाणी घेतले तर ते थेट खोलीत शिरते. पडदा असेल तर त्याची खालची कड टबाच्या आत सोडावी.

मुलाबाळांसह एक-दोन दिवस मजेत काढायचे असतील तर तेर्मे, म्हणजे गरम पाण्याच्या तलावांचे ठिकाण. चातेझ, ओलिमिया, प्तुय ही त्यातली मोठी नावे. तलावाला बाझेन म्हणतात. पोहण्याच्या बाझेनचे पाणी साधारण २६ ते २८ अंश असते, निवांत बसायच्या बाझेनचे ३२ ते ३६. बुडबुड्यांचा टब त्याहून थोडा गरम असतो. तिथे लहान मुलांना नेऊ नये, मोठ्यांनीही दहा-पंधरा मिनिटांत बाहेर यावे. पोशाख म्हणजे कोपाल्के, नायलॉन किंवा लायक्राचाच. सुती टी-शर्ट, लेगिंग, आतले कपडे चालत नाहीत, कारण सूत पाणी धरून ठेवते आणि त्याचे धागे गाळणीत अडकतात. अंगभर पोशाख हवा असेल तर तो पोहण्याच्याच कापडाचा असावा आणि तिथे चालतो का हे आधी विचारून घ्यावे. आपल्याकडच्या मंडळींनी एक गोष्ट नक्की पाळावी: डोक्याला खोबरेल लावून पाण्यात उतरू नये. तेलाचा तवंग आणि अंगावरचा घाम क्लोरीन खाऊन टाकतात. डोळे चुरचुरवणारा तो उग्र वास क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो, घाम आणि लघवीतल्या नत्राशी त्याचा संयोग झाल्याचा असतो. आत जाण्याआधी साबण लावून आंघोळ सक्तीची असते ती यासाठीच.

मोराव्स्के तोप्लित्से इथे १९६० मध्ये तेलाच्या शोधात भोक पाडले आणि तेलाऐवजी ७२ अंशांचे खनिज पाणी लागले. ते थंड करून वापरतात. रंग काळपट आणि वास पेट्रोलियमची आठवण करून देणारा. नाक नाजूक असेल तर इथे मुक्काम करू नका. जाणार असाल तर कोपाल्के गडद रंगाचे न्या.

सांधेदुखी, शस्त्रक्रियेनंतरची उभारी, रक्ताभिसरणाची तक्रार अशा कारणाने जायचे असेल तर झ्द्राविलिश्चे, म्हणजे पाण्याच्या उपचारांचे आरोग्यधाम. पाटीवर हा शब्द असला की तिथे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट असणार असे धरून चालावे. इथला मुख्य शब्द कोपेल, म्हणजे ठरावीक वेळ आणि तापमानाची औषधी आंघोळ. ब्लात्ना कोपेल चिखलाची, नोझ्ना कोपेल फक्त पायांची. रादेन्त्सी कार्बन डायऑक्साइडच्या कोपेलसाठी प्रसिद्ध आहे. टबातले पाणी ३२ ते ३४ अंश, म्हणजे हाताला कोमटच लागते. निश्चल पडून राहायचे. मिनिटाभरात अंगावर बारीक बुडबुड्यांचा थर चढतो, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाण्यात बुडालेला भाग लालसर होतो. पाणी कोमट असूनही अंगाला ऊब जाणवते. हात हलवला की बुडबुडे निघून जातात आणि परिणाम उणावतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने पाण्यालगत साठतो, म्हणून मान वर ठेवून बसवतात. हृदयविकार, ताजी जखम किंवा ताप असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवे.

पोर्तोरोझला समुद्राकाठच्या सेचोव्हल्ये मिठागरांतला चिखल आणि मीठ काढल्यावर उरणारे खारे पाणी वापरतात. आदल्या दिवशी पायांवरचे केस काढू नका. त्वचेवर ओरखडा असला तरी हे पाणी झोंबते. रोगाश्का स्लातिना मात्र मुख्यतः मॅग्नेशियमयुक्त पाणी पिण्याच्या उपचारासाठी ओळखले जाते. डुंबायचे असेल तर दुसरे ठिकाण पाहा.

साउना, म्हणजे बसून घाम काढायची तापवलेली खोली, हा बहुतेक तेर्मेत वेगळा विभाग असतो आणि त्याचे तिकीटही बऱ्याचदा वेगळे असते. संकोच असेल तर हे वाचूनच ठरवा: अनेक ठिकाणी तिथे स्त्री-पुरुष एकत्र आणि कपड्यांविना बसतात. काही ठिकाणी कपड्यांसह बसायचे किंवा फक्त स्त्रियांसाठीचे दिवस ठेवलेले असतात, तेव्हा आधी चौकशी करावी. फिन्स्का साउनात ८० ते १०० अंश आणि कोरडी हवा, पार्ना साउनात ४५ अंशांच्या आसपास आणि दाट वाफ. पहिल्यांदा जाणाऱ्याने पार्नापासून सुरुवात करावी असे आम्ही सुचवू. फिन्स्कामध्ये जाण्याआधी अंग धुऊन पूर्ण कोरडे करा, ओल्या त्वचेला घाम उशिरा येतो. ब्रिसाचा, म्हणजे टॉवेल, पावलांखालीही येईल असा पसरा. खालच्या फळीवर ८ ते १० मिनिटे पुरेत. शेवटची दोन मिनिटे पाय खाली सोडून बसा. आडवे पडलेले असताना एकदम उठले की रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते. मंगळसूत्र, बांगड्या, धातूच्या काड्यांचा चष्मा बाहेर ठेवा. त्या तापमानात धातू चटका देतो. बाहेर आल्यावर थंड पाणी आधी पावलांवर घ्या, मग वर सरका, आणि पुढच्या फेरीआधी पंधरा मिनिटे पडून राहा.

उरले कोपालिश्चे: तळे, नदी किंवा समुद्राकाठी आंघोळीसाठी राखलेली जागा. उन्हाळ्यात सर्वांत स्वस्त तेच. ब्लेडला हवा, ऊन आणि पाण्याचे उपचार रुजवले ते स्विस आर्नोल्ड रिक्ली यांनी, एकोणिसाव्या शतकात. भर उन्हाळ्यात ब्लेडचे तळे पोहण्याजोगे कोमट होते, बोहिन्यचे त्याहून गार राहते. सोचा नदी ऑगस्टमध्येही इतकी थंड असते की पोहणाऱ्याचा श्वास अडकतो, तिथे पाय बुडवण्यापुरतेच थांबा. ‘कोपान्ये प्रेपोवेदानो’ अशी पाटी दिसली तर तिथे पाण्यात उतरायला मनाई आहे, पाणी कितीही शांत वाटले तरी.