इटलीतील हिवाळी बर्थ : सहा महिन्यांच्या वापरानंतर

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही आमची सव्वानऊ मीटरची मोटरबोट एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोकाला, ग्रादो आणि लिन्यानो यांच्या दरम्यानच्या खाजणाला मिळणाऱ्या एका नदीतील मरीनेत, म्हणजे बोटी भाड्याने ठेवण्याच्या बंदरात, एका बर्थवर (बोट बांधण्याच्या जागी) ठेवली आणि मार्चअखेर ती तेथून बाहेर काढली. मरीनेचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

आधी पैशांविषयी, कारण स्वस्त म्हणूनच ही जागा निवडली होती. दरपत्रकावर सहा महिन्यांसाठी १,२०० युरोंचा आकडा होता. आम्ही पोहोचलो त्याच दिवशी कचेरीतला माणूस टेप घेऊन आला आणि त्याने मागची पोहण्याची फळी व पुढचा नांगराचा रोलर धरून लांबी मोजली, ती ९ मीटर ८७ सेंटीमीटर भरली. नोंदणीच्या कागदावर लिहिलेल्या लांबीला येथे काही अर्थ नसतो. बोट साडेनऊ मीटरऐवजी दहा मीटरच्या गटात गेली, दर १,३५० युरो झाला, त्यावर इटलीचा २२ टक्के मूल्यवर्धित कर लागला आणि बिल १,६४७ युरोंवर पोहोचले. विजेचे ८८ युरो वेगळे. तरीही क्रोएशियातील इस्त्रियाच्या किनाऱ्यावरील ज्या मरीनेकडे आम्ही आधी विचारणा केली होती, तिच्यापेक्षा हे बरेच कमी होते. तेथे क्रोएशियाचा कर २५ टक्के असतो, आणि तिथल्या पूला विमानतळावरील बहुतेक उड्डाणे हिवाळ्यात बंद होत असल्यामुळे बोट पाहायला जाण्याचा प्रत्येक फेरा महाग पडला असता. इकडे त्रिएस्ते शहराच्या विमानतळालाच रेल्वे स्थानक जोडलेले आहे, त्यामुळे आम्ही तीनदा जाऊन येऊ शकलो.

हिवाळी बर्थ निवडताना दरापेक्षा वाऱ्याची दिशा आधी पाहावी, असे माझे मत आता पक्के झाले आहे. या भागात दोन वारे सांभाळावे लागतात. बोरा ईशान्येकडून डोंगर उतरून येतो आणि त्रिएस्तेत त्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या पुढे सहज जातात. शिरोको आग्नेयेकडून येतो, आणि एड्रियाटिकची संपूर्ण लांबी त्याला मोकळी मिळत असल्यामुळे तो पाणी उत्तरेच्या टोकाशी आणून साठवतो. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी व्हेनिसमध्ये पाणी १८७ सेंटीमीटरपर्यंत चढले, ते प्रामुख्याने उधाण आणि वारा एकाच वेळी आल्यामुळे. इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरही वेगळे घडत नाही: ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस रापाल्लो गावाच्या बंदरात लाटांनी बंधारा फोडला आणि आत बांधलेल्या बोटींचा चुराडा केला. आमची मरीना नदीत आत असल्यामुळे लाट तेथपर्यंत येतच नाही. पाण्याची चढती पातळी मात्र येते.

ही गोष्ट आम्ही नोव्हेंबरात प्रत्यक्ष पाहिली. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी बहुतेक ठिकाणी जेमतेम फूटभर असते, पण या टोकाला उधाणाच्या दिवसांत ती मीटरभर होते आणि शिरोको त्यात आणखी भर घालतो. येथे बोटीचे नाक धक्क्याला आणि मागची बाजू पाण्यात रोवलेल्या दोन लाकडी खांबांना बांधतात. त्या रात्री पाणी चढू लागले तेव्हा आम्ही बोटीवरच होतो, म्हणून पुढचे दोर वेळीच सैल करता आले. शेजारच्या बोटीवर कोणी नव्हते. तिचा पुढचा आखूड दोर ताणत गेला आणि पहाटे क्लीट (दोर अडकवायचा धातूचा खुंटा) स्क्रूंसकट उपटून आला. करारात देखरेख असा शब्द होता. चौकशी केल्यावर कळले की त्याचा अर्थ फाटकावरचा कॅमेरा एवढाच आहे. दोर पाहणे कोणाच्याही कामात मोडत नाही. या एका बाबतीत इस्त्रियातील महाग मरीना, जी रोज दोर तपासण्याचे लेखी देत होती, निःसंशय उजवी ठरली असती.

दुसरी चूक मात्र आमची होती. नदीचे पाणी निमखारे असते आणि पावसानंतर जवळजवळ गोडे होते, याचा फायदा असा की तळाला चिकटलेली समुद्री शिंपली मरून गळून पडतात. पण आमच्या ड्राइव्हला, म्हणजे बोटीच्या मागे पाण्यात उतरणाऱ्या, पंखा फिरवणाऱ्या भागाला, जस्ताचे अ‍ॅनोड (स्वतः झिजून शेजारच्या धातूला गंजण्यापासून वाचवणारे तुकडे) होते. गोड्या पाण्यात जस्तावर पांढरट कवच धरते आणि मग ते झिजणे थांबवते. झीज थांबली की संरक्षणही थांबते. जानेवारीत बोट उचलून पाहिली तेव्हा अ‍ॅनोड जवळपास अखंड होते, हाताला खडूसारखे लागत होते, आणि ड्राइव्हच्या कडेला मात्र रंगाखालून फोड आले होते. आता तेथे अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोड बसवले आहेत, आणि किनाऱ्याची वीज सतत जोडून ठेवायची असल्यामुळे तिच्या अर्थिंगच्या तारेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (धातू कुरतडणारा मंद विद्युत प्रवाह अडवणारे उपकरण) हाही घातला आहे. ड्राइव्ह आम्ही पूर्ण खाली ठेवला होता, त्यामुळे त्याचे रबरी बेलोज (पाणी आत येऊ न देणारी घडीदार नळकांडी) ताणले गेले नाहीत. इंजिनाच्या थंडाव्याच्या नळ्यांतील पाणी काढून गोठू न देणारे प्रॉपिलीन ग्लायकोल भरले होते. फेब्रुवारीत एका सकाळी धक्क्याजवळ बर्फाची पातळ साय दिसली, तेव्हा त्या खर्चाचे वाईट वाटले नाही.

कागदपत्रांत एक गोंधळ अनेकांचा होतो. बोट युरोपीय संघाबाहेर नोंदलेली आणि मालकही संघाबाहेरचा रहिवासी असेल, तर कर न भरता ती संघात १८ महिने ठेवता येते. अशा संघाबाहेरच्या माणसाला मात्र शेंगेन क्षेत्रात (आपसांतल्या सीमांवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच मिळतात. उन्हाळा क्रोएशियात काढलेला असल्यामुळे, आणि २०२३ पासून तो देशही शेंगेनमध्ये असल्यामुळे, आमचे नोव्हेंबरातले दिवस अगदी मोजून वापरावे लागले. विम्याचे प्रमाणपत्र इटालियन भाषांतरासह मागितले गेले, ते आधीच तयार ठेवलेले बरे.

नदीच्या मुखाशी गाळ साचतो, त्यामुळे परतताना आम्हाला भरतीसाठी तीन तास थांबावे लागले. एवढे असूनही येत्या ऑक्टोबरसाठी तोच बर्थ घेतला आहे. मात्र अनामत भरण्यापूर्वी करारात एक ओळ हाताने लिहून घेतली : शिरोकोचा इशारा आला की मरीनेचा माणूस दोर तपासेल आणि फोटो पाठवेल. त्याचे साठ युरो वेगळे लागले.