अर्धा-पाऊण नंबर निघालाय: चष्मा लावायचा की तसंच चालवायचं?

सोलापुरात चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचं काम मी करते. माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो छोट्या नंबरवाल्यांशी बोलण्यात. मायनस चारवाल्याला काही समजावावं लागत नाही, चष्म्याशिवाय त्याला भिंतीवरचं घड्याळही दिसत नाही. मायनस अर्धा किंवा पाऊण निघाला की मात्र माणूस खुर्चीवरून उठत नाही. ‘लावलाच पाहिजे का? नाही लावला तर वाढेल का? एकदा लावला की कायमचा मागे लागेल का?’ प्रश्न रास्त आहेत. उत्तर मात्र सगळ्यांना एकच देता येत नाही, कारण छोट्या नंबरात तुमचा दिवस किती अंतरावरच्या कामात जातो यावर सगळं ठरतं.

मायनस नंबराचा हिशेब सोपा आहे. १ ला नंबराने भागा. जेवढे मीटर येतील तिथपर्यंत चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं. मायनस पाव म्हणजे चार मीटर, अर्धा म्हणजे दोन मीटर, पाऊण म्हणजे सव्वा मीटरच्या जरा पुढे, एक म्हणजे एक मीटर. त्यापलीकडचं हळूहळू पुसट होत जातं. म्हणजे अर्धा नंबर असलेल्याला मोबाइल, वही, ताट, मशीन सगळं नीट दिसतं. अडतं ते एसटीची पाटी लांबून वाचताना, नाहीतर रस्त्यापलीकडून कोणी हात केला तर तो कोण हे ओळखताना.

आता दोन माणसं शेजारी ठेवून बघा. दोघांचाही नंबर मायनस अर्धा. एक नवी पेठेत कापड दुकानात गादीवर बसतो. गिऱ्हाईक समोर हातभर अंतरावर, घर दुकानापासून पाच मिनिटांवर, रात्री गाडी चालवायचा प्रसंग क्वचित. दुसरा टेम्पोत चादरी-टॉवेलचे गठ्ठे भरून रात्री पुण्याच्या रस्त्याला लागतो. पहिल्याने चष्मा केला नाही तरी त्याचं काही बिघडत नाही. दुसऱ्याने करायलाच हवा, आणि याबाबतीत मी कधीच ‘बघा तुमचं तुम्ही’ म्हणत नाही.

अंधारात बाहुली मोठी होते. डोळ्याच्या भिंगाच्या कडेकडून येणारा प्रकाशही आत शिरतो आणि बऱ्याच जणांचा मायनस नंबर रात्रीपुरता आणखी थोडा वाढल्यासारखा होतो. दिवसा डोळे बारीक करून निभावलेलं असतं. पापण्यांच्या फटीतून बघितलं की थोडं स्पष्ट दिसतं, ती युक्ती सगळे नकळत करतात. रात्री तीच फट उजेडही अडवते. समोरून ट्रक फुल लाइट टाकून आला की दिव्याभोवती प्रकाशाची झालर दिसते आणि तिच्या कडेला चालणारा माणूस किंवा दिवे नसलेला उसाचा ट्रॅक्टर दिसायला उशीर होतो. तो अर्ध्या सेकंदाचा उशीर मोठा असतो. चष्म्यात अँटी-ग्लेअर करून घेतलं तर काचेवरच्या उलट्या-सुलट्या चमका कमी होतात. समोरच्या ट्रकचा उजेड मात्र त्याने कमी होत नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

लायसन्सच्या नमुना १ मध्ये एक प्रश्न असतो: चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट ओळखता येते का? चष्मा लावून दिसलं तरी चालतं. बहुतेक जण न वाचताच ‘होय’वर खूण करतात. उभ्या गाडीपासून साधारण तीस-पस्तीस पावलं मागे जा आणि एक-एक डोळा झाकून वाचून बघा. दिवसाच अडखळलात तर गाडीवर चष्मा हवाच.

सिलेंडरचं गणित वेगळं

कागदावर मायनस अर्ध्याच्या पुढे ‘सिल’ आणि ‘अ‍ॅक्सिस’ लिहिलेलं असेल तर वरचा मीटरचा हिशेब लागू पडत नाही. सिलेंडर नंबरात अक्षराची एका दिशेची कड पुसट होते, आणि ती जवळही होते, लांबही होते. म्हणून दोन मैत्रिणींपैकी एकीला साधा मायनस अर्धा आणि दुसरीला सिलेंडर पाऊण असेल, तर दिवसभर कॉम्प्युटरवर हिशेब लिहिताना त्रास दुसरीलाच होणार. तीन आणि आठ यांत गोंधळ होतो, संध्याकाळी कपाळ जड होतं.

हे सगळ्यात ठळक दिसतं ते शिलाईवाल्यांत. आपल्याकडे शाळांचे गणवेश शिवणारे खूप. गडद निळ्या कापडावर निळ्याच दोऱ्याची टीप मारायची, आणि एखादा टाका सुटला तर तो बोटाने चाचपून शोधायचा. अशा माणसाला ट्रायल फ्रेममध्ये, म्हणजे काचा बदलून बघायच्या तपासणीच्या फ्रेममध्ये, नुसता पाऊण सिलेंडर घातला आणि हातात तेच कापड दिलं की टाके वेगवेगळे दिसायला लागतात. तिथे मला काही बोलावंच लागत नाही.

उलट बाजूही सांगते. सिलेंडरचा नवा चष्मा पहिले काही दिवस त्रास देतो. फरशी उतरती वाटते, जिन्याची पायरी चुकल्यासारखं होतं. पाव सिलेंडरसाठी हा उपद्व्याप करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन वेळा तपासणी केली तर पावाचा फरक असाही पडतो. अर्ध्याला तक्रार असेल तर लावा, पाऊण असेल आणि काम बारीक असेल तर विचारत बसू नका.

प्लस नंबर: वय बघून ठरवा

प्लस नंबर म्हणजे जवळचं बघताना डोळ्याला जास्त जोर लावावा लागतो तो. विशी-पंचविशीत प्लस अर्धा किंवा पाऊण निघाला आणि डोकेदुखी, वाचताना थकवा असं काही नसेल, तर चष्मा न करणंच बरं. त्या वयात डोळ्यातलं भिंग स्वतः फुगून तेवढी कसर भरून काढतं. तोच माणूस अडतीस-चाळीसचा झाला की भिंग ताठर होत जातं आणि इतरांपेक्षा त्याची चाळिशी आधी लागते.

विडी वळणाऱ्या बायका येतात तेव्हा हे अगदी जवळून दिसतं. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, पान पट्टीच्या मापाने कापायचं, वळायचं, दोरा गुंडाळायचा. सगळं हातभर अंतरावर. बेचाळिशीतली अक्का सांगते, ‘दोरा दिसत नाही, अंदाजाने बांधते.’ तपासलं तर जवळचा नंबर प्लस एक. नंबर कागदावर लहान आहे, पण तिचं अख्खं पोट त्याच अंतरावर आहे. इथे लावू की नको हा प्रश्नच उरत नाही.

मायनसवाल्यांना मात्र एक सवलत मिळते. मायनस एक असलेला माणूस चाळिशीनंतरही बरीच वर्षं चष्मा काढून पेपर वाचतो. पॉवरलूमवर काम करणाऱ्या मायनस अर्ध्यावाल्याला तुटलेला धागा जोडायला तरुणपणी चष्मा लागत नाही. अशांनी वाचताना, धागा जोडताना चष्मा काढून ठेवला तर काही बिघडत नाही.

‘लावला की वाढतो’ याचं काय?

ही भीती घराघरात आहे, विशेषतः लग्नाच्या मुलीच्या घरी. आई बाजूला घेऊन हळूच विचारते, ‘सारखा लावावा लागेल का हो?’ मोठ्या माणसांत चष्म्याने नंबर वाढत नाही आणि न लावल्यानेही वाढत नाही. होतं एवढंच, की स्वच्छ बघायची सवय झाली की चष्मा काढल्यावरचं पुसट आता खटकतं. आधीही ते तसंच होतं, पण तुलना करायला काही नव्हतं. त्यामुळे मोठ्यांनी गाडीवर लावला, घरी काढला, सिनेमाला लावला, असं केलं तरी चालतं.

रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायचं स्वप्न बघणारी मुलं इथे बरीच. सोलापूर हे विभागाचं ठिकाण असल्याने घरात कोणी ना कोणी रेल्वेत असतंच. त्या पदाला ए-१ दर्जा लागतो, म्हणजे दोन्ही डोळ्यांना चष्म्याशिवाय ६/६, लांबचं अगदी स्वच्छ दिसणारी नजर. काही मुलं चष्मा लावला तर आपण बाद होऊ या भीतीने मायनस पाऊण घेऊन चार-चार वर्षं तयारी करतात. नंबर असेल तर तो चष्मा न लावताही वैद्यकीय तपासणीत दिसतोच. म्हणून फॉर्म भरायच्या आधीच नीट तपासणी करून घ्यावी आणि आपल्या डोळ्यांना जमेल त्या पदाची तयारी करावी. वर्षं वाया गेलेली मुलं बघितली की जीव तुटतो.

लहान मुलांचं घरी ठरवू नका

वर सांगितलेली मोकळीक मुलांना लागू नाही. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मूल हनुवटी टेकवून आत बघतं तेव्हा त्याच्या डोळ्यातला स्नायू आवळलेला असतो आणि मायनस नंबर खरा असेल त्यापेक्षा जास्त येऊ शकतो. म्हणून पहिला चष्मा करायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तो स्नायू सैल करणारे थेंब टाकून तपासणी करून घ्यावी. मी स्वतः नुसत्या कॉम्प्युटरच्या चिठ्ठीवर मुलाचा पहिला चष्मा करून देत नाही.

दुसरं, दोन डोळ्यांतला फरक. एका डोळ्याला काही नाही आणि दुसऱ्याला प्लस दीड असेल, तर मूल काहीच तक्रार करत नाही. चांगल्या डोळ्याने सगळं भागवतं. मेंदू दुसऱ्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि तो डोळा आळशी होतो. सात-आठ वर्षांच्या आत पकडलं तर सुधारायची शक्यता चांगली, पुढे ती घटत जाते.

आणि ‘थोडा कमी नंबर द्या, म्हणजे डोळा आळसणार नाही’ हा आग्रह पालकांनी सोडावा. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मलेशियातल्या एका अभ्यासात कमी नंबराचा चष्मा दिलेल्या मुलांचा मायनस पूर्ण नंबर दिलेल्यांपेक्षा जास्तच वाढला. मायनस पाव-अर्ध्याला डॉक्टर कधी कधी थांबायला सांगतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतात. तेव्हा तारीख चुकवू नका, आणि मुलांना रोज दोनेक तास बाहेर खेळू द्या. मे महिन्यात सोलापूरच्या दुपारी ते शक्य नाही, पण सकाळ-संध्याकाळ पार्क मैदान आहेच.

करायचाच ठरला तर

एक नंबरच्या आत महागडी पातळ काच घेण्याची गरज नाही. साधी काचही इतक्या कमी नंबरात पातळच बनते. उन्हात काळी होणारी काच इथे निम्मंच काम करते, कारण कडक उष्णतेत ती कमी काळी होते आणि कारमध्ये पुढची काच अतिनील किरण अडवत असल्याने फारशी होतच नाही. ब्लू-कटबद्दल, म्हणजे स्क्रीनचा निळा उजेड गाळणाऱ्या काचेबद्दल, रोज विचारणा होते. २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. स्क्रीनमुळे येणाऱ्या डोळ्यांच्या थकव्यात त्या काचेने फरक पडल्याचं दिसलं नाही. ते पैसे अँटी-ग्लेअरला द्या. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघणं फुकट आहे. हेल्मेट घालत असाल तर काड्या बारीक आणि सरळ घ्या, आणि घामाने चष्मा नाकावरून घसरतो म्हणून नाकावरच्या गाद्या मऊ सिलिकॉनच्या बघून घ्या.

तरीही ठरत नसेल तर एक करा. ट्रायल फ्रेममध्ये तुमचा नंबर घालून मागा आणि दुकानाच्या दारात उभे राहा. चार्ट बघू नका, समोरच्या रस्त्यावरच्या पाट्या बघा, येणाऱ्या रिक्षाचा नंबर वाचा. मग काच काढून तेच पुन्हा बघा. शक्य असेल तर दिवेलागणीनंतर या. ‘अरे!’ असं तोंडातून निघालं तर करा. फरक शोधावा लागत असेल आणि तुम्ही रात्री गाडी चालवत नसाल, तर चिठ्ठी जपून ठेवा आणि वर्ष-दोन वर्षांनी परत तपासा.

काही वेळा नंबर छोटा दिसतो, पण कारण वेगळं असतं. साखर वर-खाली होत असेल तर नंबरही हलतो. ती आटोक्यात येईपर्यंत चष्मा करू नका. कॉलेजातल्या मुलाचा सिलेंडर दर सहा महिन्यांनी वाढत असेल आणि तो डोळे सारखे चोळत असेल, तर बुबुळाचा आकार तपासून घ्या. साठीच्या आजोबांना अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता यायला लागला तर ते मोतीबिंदू सुरू झाल्याचं लक्षण असू शकतं. आणि कागदाला टाचणीने भोक पाडून त्यातून बघूनही अक्षर स्पष्ट होत नसेल, तर माझ्याकडे येऊ नका. सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.