४८ अंड्यांचं हॅचिंग मशीन: सहा-सात महिने वापरून झाल्यावर

परवा अंडी फिरवणारी मोटर बसली. कस्टमर केअरला फोन लावला, तर मोटर वॉरंटीत येत नाही म्हणे. पाठवायचंच असेल तर मूळ थर्माकोलसकट पाठवा, कुरिअरचा खर्च तुमचा. तो थर्माकोल पोरांच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये कधीच गेला! शेवटी तासगावात एका मिक्सरवाल्याने तशीच मोटर दोनशे रुपयांत बसवून दिली. तोवर अंड्यांवर पेन्सिलीने फुली मारून हातानेच फिरवली, सकाळ-दुपार-रात्र. मोटरचं काही नाही, ती जातेच कधी ना कधी.

माझा राग आहे तो पाण्याच्या ट्रेवर. या मशीनला बाहेरून पाणी ओतायला भोकच नाही. पाणी घालायचं म्हणजे झाकण उघडायचं. पहिले अठरा दिवस चालून जातं, पण शेवटच्या तीन दिवसांत ओलावा ६५ टक्क्यांच्या वर लागतो आणि झाकण उघडायचं नसतं. आमच्याकडे मार्च-एप्रिलची हवा कोरडी ठाक, ट्रे संध्याकाळपर्यंत रिकामा. झाकण उघडलं की ओलाव्याचा काटा धाडकन चाळिशीत. पिल्लाने कवच टोचलेलं, चोच बाहेर दिसतेय, आतून चिवचिव ऐकू येतेय आणि आतला पापुद्रा कागदासारखा वाळून पिसांना चिकटलेला. अशी पिल्लं आतच मरतात. पहिल्या खेपेला निम्मी गेली. चार हजार घेतात, आणि पाच रुपयांचं भोक पाडायला यांना जमत नाही?

मग सलाईनची नळी हवेच्या छिद्रातून ट्रेपर्यंत सोडली आणि सिरिंजने कोमट पाणी द्यायला लागलो. गार पाणी नको, आतलं तापमान पडतं. एप्रिलची खेप बरी निघाली.

तापमानाला मात्र पैकीच्या पैकी. स्क्रीनवर ३७.७ असताना ताप मोजायचा काचेचा थर्मामीटर आत ठेवून पाहिला, ९९.८ फॅरनहाइट आला. लाइटचं तुमचं तुम्ही बघा. आमच्या वस्तीवर भारनियमन ठरलेलं, इन्व्हर्टर आहे म्हणून निभावलं.

आता जरा शब्द मागे घेतो. जूननंतर हवाच इतकी दमट की नळीला हात लावावा लागला नाही. आषाढातल्या खेपेत टॉर्चवर धरून, आत जीव आहे का ते बघून ठेवलेल्या अंड्यांपैकी मोजकीच वाया गेली. म्हणजे पावसाळ्यात घेणाऱ्याला ही तक्रार कळणारसुद्धा नाही, आणि पाच स्टार देणारे बहुतेक तेच असावेत.

आई म्हणते, खुडूक कोंबडी फुकटात करते ते काम. खरं आहे, पण गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालून खुडूक बसते, मग एकवीस दिवस उबवणी आणि पुढे दोनेक महिने पिल्लांमागे. तेवढे दिवस अंडं नाही. आता खुडूक झाली की डालग्याखाली कोंडतो, पुन्हा लवकर अंड्यावर येते. मशीनचे पैसे इथे वसूल होतात. मार्चच्या पिल्लांतले कोंबडे तर गटारीच्या आठवड्यात दारातूनच गेले. श्रावणात कोण विचारत नाही, म्हणून वेळ साधली.

एक खर्च कोणी सांगत नाही. मशीनच्या पिल्लांना आई नाही, म्हणून बल्बची ऊब आली, आणि सातव्या दिवशी मानमोडी रोगासाठी लासोटा लस. लसीची कुपी शंभर पिल्लांची, आपली तीस. एकदा पाण्यात कालवली की दोन तासांत संपवायची, उरलेली ओतून द्यायची. जिवावर येतं. आता शेजारच्या दोन वस्त्यांशी पिल्लं निघायची तारीख जुळवूनच अंडी लावतो.

पाच पैकी साडेतीन. इन्व्हर्टर नसेल तर घेऊ नका. दुकानदार सांगतोय, बाहेरून पाणी ओतायच्या भोकाचं नवं मॉडेल आलंय. जुनं परत घेऊन किती कमी कराल विचारलं, तर म्हणाला गिऱ्हाईक आलंय, नंतर बोलतो.