भिंतीत भोकं पाडली, औषध भरलंच नाही

ओलीवर उपाय करून घेतल्यावर आठव्या महिन्यात आमच्या तळ्याकाठच्या जुन्या घराच्या तळ्याकडच्या भिंतीवरचा रंग पुन्हा फुगला. पोपडे खरवडत होते, तेवढ्यात जोत्याच्या जरा वर सिमेंटचं एक गोल बूच निसटून खाली पडलं. मागे भोक. त्यात करंगळी घातली, तर दुसऱ्या पेरापर्यंत जायच्या आतच ती विटेला टेकली. भिंत 23 सेंटिमीटर जाड आहे. भोक जेमतेम 4 सेंटिमीटर खोल होतं.

ओल थांबवणारं औषध भरायच्या असल्या भोकांच्या रांगेसाठी आम्ही डागडुजीला ठेवलेल्या पैशांतला निम्म्याहून जास्त भाग मोजला होता. वर्षानुवर्षं पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे. दुसऱ्या कुणाचे असे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

घर पाहिलं तेव्हा कोरडे दिवस संपत आले होते आणि तळं बरंच मागे सरकलं होतं. घर मोडकळीला आलेलं, पण किंमत आवाक्यातली. सगळ्या खोल्यांचा रंग उडालेला, फक्त तळ्याकडच्या खोलीला मात्र ताजा रंग आणि एकाच भिंतीला कमरेपर्यंत लाकडी फळ्या ठोकलेल्या. "आधीच्या मालकांची हौस," दलाल म्हणाला. अंगणातल्या झाडांच्या बुंध्यांवर गुडघाभर उंचीला गाळाची फिकट रेघ होती. ती मी पाहिली होती. पाणी कुठपर्यंत येतं हे विचारायला हवं होतं, पण समोर तळं चमकत होतं आणि मनाने घर कधीच घेऊन टाकलं होतं. पडक्या घरात एकच कोपरा नवाकोरा दिसला, तर आधी तोच उघडून बघा. विकणारा नाही म्हणाला तर तिथेच थांबा.

इसार दिल्यावर त्याच दलालाने एक कंत्राटदार आणला. तपासणी फुकट. आमची खरी फसगत इथे झाली.

त्याच्याकडे दोन सुयांचं ओल मोजायचं यंत्र होतं. सुया भिंतीला टेकवल्या की लाल दिवा लागे आणि ते पी-पी वाजे. ओल जमिनीतून चढतेय, आता केलं नाही तर भिंत हातची जाईल, असं त्याने सांगितलं. आम्ही घाबरलो. हे यंत्र मुळात लाकडासाठी असतं, हे मला नंतर कळलं. दोन सुयांमधून किती वीज वाहते यावरून ते ओलीचा अंदाज देतं, आणि जुन्या भिंतीत क्षार साठलेले असले तर भिंत फारशी ओली नसतानाही आकडा वर जातो. नुसत्या लाल दिव्यावरून ओल कुठून येतेय हे कुणालाच सांगता येत नाही. घरच्या घरी एक साधी परीक्षा आहे. भिंतीवर ॲल्युमिनियमच्या कागदाचा तुकडा चारही कडांनी घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. कागदावर खोलीच्या बाजूने दव धरलं तर ती हवेतली ओल. कागदामागे पाणी सुटलं तर भिंतीतली. बंद पडलेल्या घरात पुष्कळदा पहिलीच असते.

उपाय म्हणून त्याने भिंतीत औषध भरायचं ठरवलं. उपाय खोटा नाही. जोत्याजवळ विटांच्या सांध्यात ओळीने भोकं पाडायची, साधारण 12 मिलिमीटर रुंद, एकमेकांपासून फार तर 12 सेंटिमीटरवर, आणि भिंतीच्या जवळजवळ आरपार. त्यात सिलेनचं, म्हणजे पाणी झटकून टाकणाऱ्या रसायनाचं, क्रीम भरायचं. ते सांध्यांत पसरतं आणि खालचं पाणी वर चढू देत नाही. आमच्याकडे निम्मी रक्कम आगाऊ घेतली गेली, आम्ही कामावर असताना दोन दिवसांत भोकं पाडून झाली, संध्याकाळी पाहिलं तर सगळी सिमेंटने बंद. तिसऱ्या आठवड्यात गिलावा, चौथ्यात रंग, आणि हातात वीस वर्षांच्या गॅरंटीचा कागद. उरलेले पैसे आम्ही त्याच दिवशी दिले.

भिंत वाळायला 25 मिलिमीटर जाडीला साधारण एक महिना लागतो. म्हणजे आमच्या भिंतीला नऊ महिने. तीन आठवड्यांत गिलावा करणाऱ्याला भिंत वाळवायचीच नव्हती. त्यातून गिलावा निव्वळ सिमेंटचा. त्याने ओल आत कोंडली, आणि आधी गुडघ्यापर्यंत असलेला डाग कमरेपर्यंत चढला.

बूच पडल्यावर आम्ही ओळखीतून एका जुन्या गवंडीकाकांना बोलावलं. त्यांना इथे कसलंच काम मिळवायचं नव्हतं, फक्त बघून सांगायचं होतं. ते आत आलेच नाहीत, आधी घराबाहेरून फिरले. तळ्याकडच्या बाजूला वर्षानुवर्षं साचलेली माती आतल्या जमिनीच्याही वर आली होती. काकांनी पायाने थोडी माती सारली, तर खाली झरोक्याची जाळी निघाली. फळ्यांच्या जमिनीखाली वारा खेळावा म्हणून ठेवलेले चार झरोके, चारही बुजलेले. वर पन्हळ फुटलेली, तिचं पाणी नेमकं याच भिंतीवर.

"ताई, ओल खालून नाही, बाजूने येतेय," काका म्हणाले. "कुदळ-फावडं घ्या, बाकी काही नको."

मग आतल्या लाकडी फळ्या काढल्या. मागे गिलाव्याचा भुगा झालेला आणि जमिनीच्या तुळयांची भिंतीतली टोकं कुजलेली. मी पेचकस टोचला तर मुठीपर्यंत आत गेला, हाताला जोर लागलाच नाही. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि इथे तर वाराच बंद होता. या फळ्या लावणाऱ्याने हे पाहूनच लावल्या होत्या. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

तळ्यातल्या धक्क्याच्या लाकडी खांबांबाबतही कंत्राटदाराने सगळे बदलायला सांगितले होते. सुताराने पाण्याखाली हात घालून दाखवलं, खालचं लाकूड टणक होतं. पूर्ण बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही म्हणून ते टिकतं. कुजतं ते पाण्याच्या रेघेवर. आमचे सहापैकी दोनच खांब गेले होते.

मैलाटाकीचं झाकण आम्ही घेताना उघडलं नव्हतं. तुम्ही उघडा. टाकी गळतेय का हे कळायला संडासात रंग टाकून तो तळ्याच्या काठाशी निघतो का तेही पाहा, आणि तळ्याचं पाणी चढलेलं असताना पाहा.

गॅरंटीचा कागद शांतपणे वाचला तेव्हा त्यात फक्त औषधाची हमी निघाली. गिलाव्याची नाही, आणि ओल परत येणार नाही अशी तर नाहीच. फोन आधी उचलला जात नव्हता, आता लागत नाही. दलाल म्हणतो त्याचा संबंध नाही. भोकांचे पट्टी लावून फोटो काढले आहेत, पैसे दिल्याच्या पावत्या जोडून तक्रार केली आहे. अजून काही हाती आलेलं नाही.

माती आम्ही दोघांनी चार सुट्ट्यांत उपसली, आतल्या जमिनीच्या पातळीपासून 15 सेंटिमीटर खाली. झरोके मोकळे केले, पन्हळ बदलली, सिमेंटचा गिलावा काढून टाकला. भिंतीवर ओलीच्या डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख घालतो. पहिल्या रेघेपासून डाग चार बोटं खाली आलाय. भोकं मात्र तक्रारीचा निकाल लागेपर्यंत तशीच उघडी ठेवणार आहोत.