तयार कवितेवर कॉमिक करावं की दोन्ही एकत्रच रचावं?

कविता लिहून झालीय, चित्र काढता येतं किंवा काढणारं कोणीतरी ओळखीचं आहे, आणि आता अडलंय ते इथे की आहे त्याच कवितेच्या चौकटी पाडाव्यात का शब्द आणि चित्र पहिल्यापासून सोबत रचावेत. मी दोन्ही करून बघितलंय. वरवर सारखंच दिसतं, वाचणाऱ्याच्या डोक्यात जे होतं ते मात्र वेगळं.

तयार कवितेत शब्द घासूनपुसून झालेले असतात, लय ठरलेली असते, तेवढी डोकेफोड टळते. पण एक खड्डा आहे, मी त्यात पडलोय. समजा ओळ आहे, 'वाट पाहणं म्हणजे तळ न दिसणारी विहीर'. हात आपोआप विहीर काढायला जातो आणि काढली की खेळ खल्लास, कारण वाचकाला विहीर दिसते आणि वाट पाहणं कुठेच दिसत नाही. त्यापेक्षा टेबलावर पालथा फोन काढा, पुढच्या चौकटीत तोच फोन, तिसरीत नुसतं टेबल. आता विहीर शब्दांत, फोन चित्रात, आणि दोघांची सांगड घालायचं काम वाचकाकडे. अमेरिकन कॉमिक्सकार स्कॉट मॅक्लाउडने १९९३ साली कॉमिक्सबद्दल हेच मांडलं होतं, दोन चौकटींमधली रिकामी जागा (गटर म्हणतात तिला) वाचक स्वतः भरतो. कवितेत हेच काम ओळ तुटते तिथे होतं, म्हणून तर या दोघांचं जमतं.

पण दर ओळीला एक चौकट असा हिशोब नका लावू, कवायत वाटते. तयार कवितेत हा मोह जास्त होतो. ओळ मध्येच तोडून बघा. मराठीत नकार शेवटी येतो हे तर आयतंच मिळालंय: एका चौकटीत 'मी परत येणार', पान उलटलं की 'नाही'. (फोनवर स्क्रोल करणाऱ्याला पान उलटायचा हा धक्का मिळत नाही, तिथे मध्ये लांबलचक मोकळी जागा सोडावी लागते.)

एकत्र रचण्याची वाट जुनीच आहे. इंग्रज कवी-चित्रकार विल्यम ब्लेकने १७८९ मध्ये कविता आणि चित्र एकाच तांब्याच्या पत्र्यावर उतरवलं, जपानचा कवी-चित्रकार बुसोन हायकूही लिहायचा आणि सोबतचं चित्रही काढायचा, आणि १९६४ साली अमेरिकन चित्रकार जो ब्रेनार्डने कवी मित्रांना घेऊन चक्क कॉमिक्स केली. यात शब्द कमी लागतात, अर्धी ओळ पुरते, उरलेलं चित्र बोलतं. त्रासही आहेच, एक शब्द बदलला की अख्खं पान परत काढा, आणि मोठ्याने वाचून दाखवायला गेलात की कविता लंगडी पडते कारण तिचा एक पाय कागदावरच राहिलाय.

कवितेशेजारी एकच चित्र हा तिसरा पर्याय लोक सुचवतात, छान दिसतो, पण त्यात वेळ पुढे सरकत नाही, म्हणून मी तो यात धरत नाही.

माझं विचाराल तर, कविता नुसती ऐकूनही पूर्ण वाटत असेल तर तिला हात लावू नका. ऐकताना कुठेतरी काहीतरी दिसायला हवं होतं असं वाटलं तर चौकटी पाडा. आणि वहीत नुसतीच एक प्रतिमा आणि अर्धवट ओळ पडून असेल तर सरळ एकत्र रचा, पहिली चार पानं वाया जातील, जाऊ देत. फक्त अक्षरं हाताने काढा, कॉम्प्युटरचा फॉन्ट टाकला की शब्द चित्रावर चिकटवल्यासारखे दिसतात.