सर्वनाम की विशेषण, हे नीट शिकवणारा सोलापुरातील इंग्रजी वर्ग

नवी पेठेत स्पर्धा परीक्षार्थींसाठी सायंकाळी इंग्रजी व्याकरणाचा एक वर्ग चालतो. माझी पुतणी तेथे जाते आणि सरांच्या परवानगीने मीही काही तास बसलो. इंग्रजी सर्वनामे विशेषणाचे काम कशी करतात, हे प्रकरण इतके नीट शिकवलेले मी अन्यत्र पाहिलेले नाही.

बहुतेक ठिकाणी ‘धिस’, ‘दॅट’, ‘माय’, ‘हिज’ यांच्या याद्या घोकून घेतल्या जातात आणि ‘शब्दाची जात ओळखा’ या प्रश्नात विद्यार्थी हमखास अडकतो, कारण एकच शब्द दोन्ही याद्यांत असतो. येथे सर शब्दापुढे नाम आहे का, एवढेच पाहायला सांगतात. फळ्यावर दोन वाक्ये होती : ‘व्हिच बस गोज टू पंढरपूर?’ आणि ‘व्हिच इज युअर बस?’ पहिल्यात ‘व्हिच’ ‘बस’ला जोडलेले आहे, म्हणून विशेषण, दुसऱ्यात ते नामाच्या जागी एकटे आले आहे, म्हणून सर्वनाम. त्याच वाक्यातील ‘युअर’ मात्र विशेषण आहे, हे मागच्या बाकावरच्या एका मुलीने आपणहून सांगितले. मराठीत ‘हा माग जुना आहे’ यातील ‘हा’ला आपण सार्वनामिक विशेषणच म्हणतो, याची सरांनी आठवण करून दिल्यामुळे विषय परका राहिला नाही.

‘हिज’ आणि ‘हर’ यांना पूर्ण तास दिला, आणि तो द्यायलाच हवा. ‘माय’चे ‘माइन’ होते, पण ‘हिज’ दोन्हीकडे तसेच राहते. ‘हर’ तर ‘आय सॉ हर’मध्ये कर्म आणि ‘आय सॉ हर ब्रदर’मध्ये विशेषण. ‘त्याची बहीण’ यातील ‘ची’ बहिणीप्रमाणे येते, इंग्रजीत मात्र बहीण कोणाची एवढेच पाहायचे, हे न कळल्याने ‘हर सिस्टर’ लिहिणारी मुले त्या दिवशी सावरली. तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या घरांतील मुलांना सर वेगळे विचारून खात्री करून घेतात, हे मला विशेष आवडले.

छापील टिपणे मात्र सुधारायला हवीत. ‘त्याचा’ या अर्थाच्या ‘इट्स’मध्ये तेथे अपॉस्ट्रॉफी पडली आहे, आणि आधुनिक व्याकरणे नामापुढे येणाऱ्या ‘धिस’, ‘माय’ अशा शब्दांना विशेषण न म्हणता ‘डिटर्मिनर’ (निर्धारक) म्हणतात याचा उल्लेखही नाही.

केवळ बोलण्यापुरते इंग्रजी हवे असणाऱ्यांसाठी हा वर्ग नाही. परीक्षार्थींनी मात्र नव्या तुकडीत पहिल्या आठवड्यापासूनच जावे, कारण हे प्रकरण सुरुवातीलाच होते.