एका दाढेची शिलाई

या दाताच्या दवाखान्याला पाचपैकी साडेतीन तारे देतेय. कामाला पाच दिले असते, दीड तारा बिलाने खाल्ला.

मी कपडे शिवते. "एवढ्याशा शिलाईचे एवढे?" हे मी आठवड्यातून चारदा ऐकते. आणि दाताच्या दवाखान्यात काउंटरशी उभी राहून मी नेमकं तेच म्हणाले. भूल पुरती उतरली नव्हती, त्यामुळे ओठ वळेनात. तिथल्या मुलीने विचारलं, "काय म्हणालात?" दुसऱ्यांदा म्हणायची हिंमत झाली नाही.

खालची डावी दाढ, रूट कॅनाल आणि वर कॅप. चार खेपा झाल्या. आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या एका तपासणीच्या तिसेक पट खर्च आला. तिकडे सात मिनिटांत काम होतं: जीभ बघतात, छातीला नळी लावतात, चिठ्ठी लिहितात. पण मागच्या वर्षीच्या तापाचा हिशोब घरी येऊन मांडला, तेव्हा लक्षात आलं की डॉक्टरांना मी फक्त चिठ्ठीचे पैसे दिले होते. गोळ्यांचे औषधाच्या दुकानात दिले, रक्ताचे लॅबला दिले, तेही दोनदा. तीन खिशांतून गेले म्हणून ते टोचले नाहीत. दाताच्या खुर्चीत सल्ला, एक्स-रे, भूल, ऑपरेशन आणि माल, सगळं एकाच छताखाली आणि एकाच पावतीवर. तुलना करायचीच तर ऑपरेशन थिएटरशी करायला हवी.

आता काम. दाताच्या डॉक्टरांनी भोक पाडलेला एक रबरी पडदा दाढेवर चढवला, बाकीचं तोंड त्याच्यामागे. मग बारीक फाइली काढल्या. पहिली १५ नंबरची, म्हणजे टोकाशी ०.१५ मिलिमीटर. माझ्या मशीनची १४ नंबरची सुई ०.९ मिलिमीटर जाड असते, आणि तीत दोरा ओवताना मी चष्मा पुसते. इथे तर आरशात बघून, लाळ आवरत, त्या फाइलीने दाढेच्या मुळातली नळी साफ करायची. फाइलीवर इवलीशी रबरी चकती असते, ती सरकवून पट्टीवर लांबी मोजायची आणि तेवढीच आत घालायची. अशा दाढेत बहुधा तीन नळ्या असतात. माझ्या दाढेत चौथी निघाली. डॉक्टर म्हणाल्या, "ताई, अजून वीस मिनिटं." त्या वीस मिनिटांचे वेगळे पैसे घेतले नाहीत, हे मुद्दाम लिहितेय. दोन फाइली जराशा वाकल्या, तर टाकून दिल्या. मी असते तर सरळ करून वापरल्या असत्या, पण ती आत मोडली तर काढता काढता नाकी नऊ येतात म्हणे.

हवेवर चालणारं ते किंचाळणारं यंत्र मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेतं. प्रत्येक पेशंटनंतर ते उकडायला जातं, वाफेच्या भांड्यात १३४ अंशांवर. म्हणजे एक उकडत असताना दुसरं हाताशी हवं. खुर्ची, कॉम्प्रेसर, लाळ ओढणारी नळी, ती धरणारी मुलगी... पेशंट आला नाही तरी या सगळ्याचा खर्च चालूच. मशीनचा हप्ता भरणाऱ्या बाईला हे कुणी समजावून सांगायला नको.

कॅपच्या दिवशी मात्र मी घरच्यासारखी रमले. रंग जुळवायला नमुन्यांची एक पट्टी असते, एटू, एथ्री अशा नावांचे खोटे दात. डॉक्टरांनी मला खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितलं. दोऱ्याची रिळं घेऊन मीही अशीच दारात जाते. झिरकोनियाची, म्हणजे दातासारख्या पांढऱ्या टणक सिरॅमिकची, कॅप आधी पाचव्या हिश्शाने तरी मोठी कोरतात, मग भट्टीत १५०० अंशांच्या आसपास भाजतात आणि ती आटून मापाला येते. कापड आटतं हे धरून बेतायचं, तसंच. पहिली कॅप आली ती कडेला बसेना. चिमटीत धरून फिरवली, दाबली, हिरडीपाशी फट राहिलीच. डॉक्टरांनी ती लॅबला परत पाठवली. मला आणखी आठवडा थांबावं लागलं, पण ट्रायलला न बसलेला कोट गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारे मी पाहिलेत. दुसरी बसली. निळा कागद चावायला दिला, उंच लागलं तिथे निळा ठिपका उमटला, तेवढंच घासलं. खडूची खूण जणू.

मग दीड तारा का कापला? पहिल्या दिवशी मला एक आकडा सांगितला. कॅप त्यात नव्हती, हे तिसऱ्या खेपेला कळलं. शेवटच्या पावतीवर एकच ओळ होती: "रूट कॅनाल व कॅप". कापड किती, अस्तर किती, मजुरी किती, काही पत्ता नाही. मी साध्या पॅन्टच्या चेनचेही वेगळे लिहिते.

आणि विमा. सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशनला विम्याने पैसे दिले, माझ्या दाढेला नाही. दाढ जणू शरीराबाहेर उगवते! यात या दवाखान्याचा दोष नाही. माझी भाची दंतवैद्यक शिकते. तिच्याकडून कळलं की पहिलं दंतवैद्यक कॉलेज १८४० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला निघालं, तेच मुळी मेडिकल कॉलेजपासून वेगळं. चूल तेव्हापासून वेगळी, ती विम्यातही तशीच राहिली. ब्रिटनने १९४८ मध्ये सरकारी आरोग्यसेवा काढली तेव्हा दातही फुकट होते, पण १९५१ मध्येच कवळीला पैसे लागले. तिथेही पहिली कात्री दातांवर चालली म्हणायची.

खरा भुर्दंड मात्र माझा मीच ओढवून घेतला. दोन वर्षांपूर्वी याच डॉक्टर म्हणाल्या होत्या, "बारीक कीड आहे, भरून टाका." एका खेपेचं काम होतं. दुखत नव्हतं, म्हणून मी गेले नाही. ताप आपला आपण उतरतो. दाताची कीड तशी नाही, गेलेलं वरचं कवच परत येत नाही, आणि उसवण वाढली की टाक्याने भागत नाही.

वरच्या उजव्या दाढेत आता तसाच ठिपका निघालाय. मंगळवारची वेळ घेतली आहे. नुसतं भरायचंय, कॅप नाही, एक्स-रे धरून किती, हे काउंटरवरच्या मुलीकडून कागदावर लिहून घेतलंय. तिने कागद दोनदा वाचला, सही केली आणि विचारलं, "काकू, ब्लाउज शिवता का हो?"